पुलाचा वळसा

धूळ पूर्वेकडून उठली. ती पाहिली आणि आर्डिस नोवोटनीने आलुबुखारा भरलेल्या, 'कोलाची' नावाच्या गोड पावांचं ताट उचलून कपाटात ठेवलं. पूर्वेकडून येणारा माणूस ओढ्यावरच्या पुलावरून आलेला असणार, आणि पूल तीन वर्षं बंद होता. अशा माणसाला नुसती कॉफी पुरे.

पिकअपमधून डुएन हॉफर उतरला. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि आता तो काउंटीचे रस्ते-पूल बघणाऱ्या कमिशनरच्या जागेसाठी निवडणुकीला उभा होता. ओसरीच्या पायऱ्या चढताना तिसरी फळी त्याच्या बुटाखाली हलली. तिचा नवरा लॅडी असताना ती बसवायची राहून गेली होती, आणि आता आर्डिस ती मुद्दामच बसवून घेत नव्हती.

"कुठून आलास?" तिने विचारलं.

"पुलावरून. अडथळा सरकवला बाजूला. सगळेच सरकवतात, आर्डिस. शेरीफसुद्धा."

"रुग्णवाहिकेने पण सरकवायला हवा होता, नाही का?"

डुएनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मार्चमध्ये काय झालं ते ओढ्याच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. लॅडी शेडमध्ये छाती धरून खाली बसला. रुग्णवाहिका गावातून वेळेवर निघाली, पण पुलापाशी अडली. तिचं वजन त्या कुजक्या फळ्यांना पेललं नसतं. मागे फिरून, महामार्गाचा वळसा घालून ती येईपर्यंत आर्डिसने नवऱ्याचे डोळे मिटले होते.

म्हणून तर या नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिच्या अंगणात कोणाचा प्रचारफलक लागतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. तिचा फलक ज्याला, त्याला निम्मी काउंटी मत देणार.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली. "तो पूल का झाला नाही?"

"आता त्यात कोणाचा दोष काढायचा? पैसे कमी, रस्ते लांब."

"शाळेच्या मैदानाला दिवे लागले तेव्हा होते पैसे."

"हे बघ, जुन्या कमिशनरबद्दल मी वाईट बोलणार नाही. तुझ्यासमोर तर नाहीच."

"का? माझ्यासमोर काय झालं?"

"शोभत नाही गं ते. बिचाऱ्याने जमेल तेवढं केलं."

आर्डिसचं डोकं सणकलं. सोळा वर्षं एकच माणूस त्या खुर्चीत बसला होता. पुलाचा विषय निघाला की त्याचं उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी बघू. तिने स्वतः त्याला कितीदा बजावलं होतं, एकदा तर भर जेवणात. त्याने मान डोलावली आणि आणखी बटाटे वाढून घेतले होते. आणि हा दुकानदार त्याला बिचारा म्हणतोय.

"कॉफी संपव आणि नीघ," ती म्हणाली. "आणि जाताना तो अडथळा जागेवर लाव. परत कोणाचा जीव जायला नको."

डुएनने टोपी डोक्यावर चढवली. गाडी पुन्हा पूर्वेकडेच गेली. लाज म्हणून कशी ती नाही, असं पुटपुटत आर्डिसने त्याचा कप विसळला.

केरी ब्रँट तिसऱ्या प्रहरी आली. तिची धूळ पश्चिमेकडून उठली, वळशाच्या रस्त्याने. तिशी ओलांडलेली, गाईगुरं सांभाळणारी बाई, डुएनच्या विरोधात त्याच जागेला उभी. गावच्या रुग्णवाहिकेवर ती बिनपगारी काम करायची, आणि मार्चच्या त्या दुपारी गाडी तीच चालवत होती. त्यानंतर ती या घरी आज पहिल्यांदा येत होती. पायरी हलली तशी ती खाली वाकली, फळी चाचपली आणि म्हणाली, "हिला दोन खिळे हवेत."

आर्डिसने कोलाचीचं ताट बाहेर काढलं.

"तू त्या दिवशी पुलापाशी थांबलीस ना?"

"थांबले. तिथून तुमच्या शेडचं छप्पर दिसत होतं." केरीने ताटाला हात लावला नाही. "मी विचार केला, गाडी पुलावर घालून बघू का. मग मागे दोघं बसली होती त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी वळवली. अजून झोप लागत नाही मला."

"मी तुला दोष देत नाही. पण दोष कोणाचा ते मला ऐकायचंय. डुएन सकाळी म्हणून गेला, कोणाचाच नाही."

केरीने ताट थोडं बाजूला सरकवलं.

"माझ्याच तोंडून ऐकायचंय?"

"मत हवं असेल तर."

"मताचं जाऊ दे." केरीचा आवाज चढला. "जो खुर्चीत बसला होता त्याचा. माणूस गोड होता, कोणाच्या लग्नाला, मयताला चुकला नाही. गोड बोलूनच सोळा वर्षं काढली त्याने. आम्ही दर वर्षी बैठकीत जाऊन सांगत होतो, रुग्णवाहिका अडेल, कोणीतरी मरेल. तो आमच्या पाठीवर थोपटायचा. त्या दिवशीचं पाप त्याच्याच माथी आहे, आणि हे मी कोणासमोरही बोलेन. वाईट वाटलं तर वाटू दे."

मार्चपासून प्रत्येक जण या ओसरीवर येऊन तिचा हात हातात धरून चांगलंचुंगलं बोलून गेला होता. खरं बोलणारी ही पहिलीच.

"खा," तिने ताट पुढे सरकवलं. "आणि गाडीत फलक असेल तर काढ एक."

"फलक आहे. पण तो जमिनीत रोवायच्या तारा संपल्यात माझ्याकडच्या."

"तारा आहेत माझ्याकडे. चल."

दोघी शेडमध्ये गेल्या. आर्डिसने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली तारांवर चढवलेले जुने फलक एकावर एक रचून ठेवले होते. तिने वरचा उचलला, गुडघ्यावर दाबून धरला आणि पुठ्ठा तारेवरून ओरबाडून काढला. निळी अक्षरं अजून उठून दिसत होती: 'कमिशनरपदी पुन्हा एकदा, आपला लॅडी नोवोटनी.'