दुसरा जोड

परदेशातल्या जंगलवाटेसाठी काकांनी बुटांचे दोन जोड घेतले: एक स्वतःच्या मापाचा, दुसरा दोन नंबर मोठा.

"काका, त्या बेटावर किनारे आहेत, धबधबे आहेत. तीच निसरडी डोंगरवाट कशाला?" ट्रॅव्हल एजन्सीतली मुलगी कळवळून म्हणाली. "शिवाय तिथं सगळा फ्रेंचचा कारभार. वाट चुकलात तर विचारणार कुणाला?"

"वाट तीच हवी, बाळा. आणि जाताना तिकीट एक, येताना दोन."

"दुसरं कोणाच्या नावावर?"

"माझ्या मुलाच्या."



हरवलेल्या मुलाचा शोध थांबवताना पथकाने त्या वाटेवर सापडलेले त्याचे फाटके बूट तेवढे घरी पाठवले होते. तो अनवाणी असल्यामुळेच परतू शकत नसावा, असा काकांचा निष्कर्ष होता.