उरलेला शब्द

पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेल्या आप्पांना पक्षाघात झाला आणि त्यांची सगळी भाषा गेली. राहिला तो एकच शब्द, हॅलो. नोकरीवरची निष्ठा म्हणतात ती हीच असावी.

त्या हॅलोचा अर्थ फक्त बायकोला कळायचा. लांबवलेला असला की पाणी हवंय, तुटक असला की पंखा बंद कर, आणि नुसताच पुटपुटलेला असला की जरा इथे बस. "लग्नानंतर इतकं कधी बोलले नव्हते हे माझ्याशी," ती म्हणायची.

परगावी राहणारा मुलगा दर रविवारी फोन करी. ती फोन आप्पांच्या कानाला लावून धरी. आप्पा हॅलो म्हणत, मुलगा म्हणे, "वा, आवाज एकदम खणखणीत!" आणि रविवार पार पडे.

आज मंगळवारी फोन आप्पांचाच आला.

"हॅलो! हॅलो! हॅलो!"

"आप्पा? तुम्ही स्वतः लावलात? कमाल केलीत की!"

"हॅलो! हॅलो!"

"अहो, येतोय आवाज, ओरडू नका. मी मीटिंगमध्ये आहे. आईला द्या बरं पटकन."

भिंतीचा आधार घेत, पाय ओढत आप्पा बाथरूमपर्यंत गेले. नळ वाहतच होता. ते कसेबसे खाली बसले आणि ओल्या फरशीवर निपचित पडलेल्या बायकोच्या कानाला त्यांनी फोन लावून धरला.

"हॅलो?" मुलगा म्हणत राहिला. "हॅलो? हॅलो?"