जयाबाईचं मागणं

"हितं शाळा घेऊ नका हं," स्ट्रेचरवरून सोनुबाई नवऱ्याला म्हणाली. "कोण देवाधर्माचं बोललं तर हसून बरं म्हणा. माया असती ती माणसांची."

मायाप्पा गुरुजींनी मान डोलावली. ऑपरेशन थिएटरचं दार मिटलं.

तेव्हापासून दोन तासांत गुरुजी तीनदा 'बरं' म्हणाले होते. ओळखीचे मारुतीराव जोतिबाला नवस बोलून आले होते. बरं. समोरच्या बाकावरची अनोळखी बाई म्हणाली, येशूला सांगते. बरं. लेक समता औषधं आणायला खाली गेली, जाताना मावशीचा फोन हातात देऊन गेली; मावशीनं सोळा सोमवार धरले होते. बरं. प्रत्येक 'बरं' कुसळासारखं टोचत होतं. पटत नाही त्याला मान डोलवू नका, हेच तर त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. बुद्धापुढं ते हात जोडत, पण काही मागायला कधीच नाही. आज आत डॉक्टर सोनुबाईच्या हृदयाची झडप बदलत होते, आणि बाहेर गुरुजी खोटं बोलत बसले होते.

मग जयाबाई आली. निपाणीहून पहिली बस धरून थेट बेळगावात. तिच्या आणि गुरुजींच्या घराची भिंत एक. वखारीत तंबाखू निवडता निवडता ती आणि सोनुबाई शेजारीशेजारी म्हाताऱ्या झाल्या होत्या. भिंतीपलीकडून जयाबाईची आरती आणि अलीकडून गुरुजींचा टोमणा, हे तीस वर्षं बिनचूक चाललेलं.

"गुरुजी, यल्लम्माला गाऱ्हाणं घातलंय मी," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

गुरुजींनी तोंड उघडलं. 'बरं' काही बाहेर येईना. हिच्याशी ते भांडले होते, पण खोटं कधी बोलले नव्हते.

"मला न्हाय पटत जयाक्का, तुला ठाऊक हाय," ते हळू म्हणाले. "पण मागितलंस काय, ते सांग. ऐकू दे मला."

जयाबाई शेजारी टेकली. "सोनुसाठी न्हाय मागितलं."

गुरुजी चमकून तिच्याकडं वळले.

"तिच्यासाठी सारी मागत्यात. डाक्टर हाईत. दिवा विझू नये म्हणून समद्यांचं ध्यान वातीकडं. आडोसा धरल्याला हात पोळतोय, त्यो कुणाला दिसतोय? समता फोनवर सांगत हुती, कालपास्नं तुमच्या पोटात च्याबिगर काय न्हाय. म्हटलं, आई, आदी ह्या माणसाच्या पोटात दोन घास जाऊ देत. बाकीचं मागाहून बघू."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना.

"लई भ्या वाटतंय गं," ते म्हणाले. दोन दिवसांत हे ते कुणाजवळच बोलले नव्हते.

जयाबाईनं पिशवी पुढं ओढली. डबा काढून तिनं मांडीवर ठेवला. झाकण उघडलं, शेंगाच्या चटणीचा वास सुटला, आणि तिचा हात थबकला. देवीचं नाव घेऊन पुढं केलेला घास हा माणूस घेईल का?

गुरुजींनी हात पुढं केला.

"मग तुझ्या देवीला ताटकळत कशाला ठेवतीस? वाढ."