दुसरा डॉक्टर द्या

"परत ब्रॅक्स्टन हिक्सच असणार, आई. उगाच कशाला जायचं?" सोफ्याचा हात घट्ट धरून स्नेहल म्हणाली. तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

त्या माणसाचं नुसतं नाव ऐकलं तरी नंदाचं डोकं फिरायचं. आठवड्यात दोनदा लेकीला कळा आल्या, दोनदा हॉस्पिटलात नेलं, आणि दोन्ही वेळा स्नेहल आतून हेच नाव घेऊन बाहेर आली. चला घरी. नंदा बाहेर बाकावर बसलेली, त्यामुळे तिनं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. गोरा असावा, आणि दगडाच्या काळजाचा.

अमरावतीला तिच्या जावेला असंच दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा नेलं तोवर बाळ पोटातच गेलं होतं. हे तिनं स्नेहलला कधी सांगितलं नव्हतं. गरोदर बाईला असलं सांगतात का?

जावई रत्नदीप जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लांटवर ड्यूटीला होता. प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. त्याचा फोन लॉकरमध्ये वाजत राहिला. परदेशातल्या त्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये इंग्रजी येणारी एकच बाई होती, आणि तीच कळांनी वाकली होती.

"तो असू दे नाहीतर त्याचा बाप असू दे," नंदा म्हणाली. "टॅक्सी बोलाव."

काउंटरवरच्या चिनी नर्सनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "ब्रॅक्स्टन हिक्स अगेन, लाह. सिट फर्स्ट, आंटी."

स्नेहल ओशाळून खुर्चीकडे वळली. परका देश, परकी भाषा, आरडाओरडा केला आणि बाहेर काढलं तर? मनातल्या मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत नंदानं काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"नो ब्रॅक्स्टन हिक्स. नो म्हणजे नो."

नर्सनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "यू शुअर, आंटी?"

"शुअर."

नर्सनं स्नेहलला लगेच आत घेतलं आणि पोटाला पट्टा बांधला. बाळाचे ठोके ऐकू आले, मग ते मंदावत गेले. कुणीतरी बटण दाबलं. माणसं धावत आली. नंदाच्या हातातून लेकीचा हात सुटला आणि दार बंद झालं.

रत्नदीप धापा टाकत पोचला तेव्हा ऑपरेशन आटोपलं होतं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याच्याशी बोलल्या आणि नंदाचे हात त्यांनी हातात घेतले.

रत्नदीपनं मराठीत सांगितलं, "आई, अर्धा तास बाहेर बसला असतात तर बाळ हाती लागलं नसतं, म्हणतात. विचारतायत, ब्रॅक्स्टन हिक्स नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात कळायचंय काय? दोनदा माघारी पाठवलं मेल्यानं. मी म्हटलं, तो नको, दुसरा डॉक्टर द्या."

रत्नदीप हळूच म्हणाला, "आई, तो इंग्लंडचा डॉक्टर. त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली. खोट्या कळा असतात ना, त्यांना त्याचं नाव दिलंय."

नंदा मटकन बाकावर बसली. कळा खोट्या आहेत असं नर्स म्हणतेय, हे तिला समजलं असतं, तर ती लेकीशेजारी गप्प बसून राहिली असती.