आखूड नळी

रानडुकरं आमचा भुईमूग उकरतात, म्हणून रायफल नेहमी पिकअपमध्ये ठेवावी लागते. ती सीटमागे मावत नसे, बायकोच्या गुडघ्यांवर आडवी यायची. "एक तर ती येईल नाहीतर मी," व्हर्ना म्हणाली. मग बंदुकांच्या दुकानातल्या डेल्बर्टच्या सल्ल्याने मी अर्ज आणि बोटांचे ठसे दिले, आणि सरकारी मंजुरी आल्यावर नळी बदलून आखूड बसवून घेतली; रायफल सीटमागे मावू लागली. पहिल्याच बाराला व्हर्नाचे कान दोन दिवस वाजत राहिले.

"आखूड नळीचा आवाज मोठाच असतो, काका. सायलेन्सर लावा," डेल्बर्ट म्हणाला. त्याने दोन दाखवले. छोटा सुटसुटीत होता, पण आवाज थोडाच कमी करणारा. "लांबच घ्या. काकूंच्या कानांचा प्रश्न आहे."

मी हो म्हणालो. पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा सरकारी मंजुरीची वाट.

मंजुरी आल्यावर सायलेन्सर बसवून घेतला आणि दुकानाबाहेर रायफल सीटमागे सरकवली, तर ती मावेना. व्हर्नाने पर्समधली शिवणाची टेप लावली. "अहो, ही तर पहिल्याइतकीच लांब! वर अर्धा इंच जास्तच."

मी रायफल आणि टेप घेऊन बिचकत परत आत गेलो. डेल्बर्टने टेप पाहिली, डोकं खाजवलं. "हात्तिच्या, एवढंच ना? नळी आणखी थोडी आखूड करू."

"नाही म्हणा!" व्हर्ना दारातून ओरडली. "जन्मात एकदा तरी नाही म्हणाल का?"

मी तिला हो म्हणालो, आणि त्यालाही.