तिसऱ्या ओळीतलं कुलूप

"हे तुम्हीच लिहिलंय ना, सर?"

बाईंनी शिक्षकखोलीतल्या टेबलावर मार्गदर्शिका उघडी ठेवली. पान चौऱ्याऐंशी. भाषेच्या सरांनी चष्मा लावला. पुस्तक त्यांचंच होतं. वर पाठ्यपुस्तकातली कविता, कारखान्याच्या आगीत गेलेल्या एका कामगार पुढाऱ्यावरचं शोकगीत. खाली सरांच्या टिपा : उपमा, रूपक, प्रतीकं. तिसऱ्या ओळीखाली कुणीतरी इतकी दाबून रेघ मारली होती की कागद फाटला होता.

‘दाराला होतं कुलूप, दादा, तुझ्या मुठीत पहाट.’

आणि टीप : ‘कुलूप – कामगारांच्या अज्ञानाचे प्रतीक.’

बाई कवितेतल्या त्या दादांच्या पत्नी होत्या. कारखान्याचं मागचं दार त्या दिवशी बाहेरून बंद होतं. खिडकीतून उडी टाकून तिकडे धावलेल्या एकाच कामगाराने ते पाहिलं होतं. कविता त्यानेच लिहिली, आणि गेल्या वर्षी तोही गेला. उरली ही ओळ. बाईंनी ती पुरावा म्हणून कोर्टात दिली, तर मालकांच्या वकिलाने सरांची टीप वाचून दाखवली. म्हणाला, हे कुलूप खरं नव्हे, शाळेतलं पोरही सांगेल. शेवटची तारीख परवावर आली होती.

सर गडबडले. एका ओळीचे अनेक अर्थ निघतात, पुस्तकाला मंजुरी आहे, असं काहीबाही सांगत राहिले. कवीला कधी विचारलं होतं का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ते चष्मा काढून पुसू लागले. कवी शाळेपासून चार गल्ल्यांवर राहायचा.

"त्यांना वटवृक्ष म्हणा, मावळता सूर्य म्हणा," बाई म्हणाल्या. "आमचे हे उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागायचे, तरी मी काही बोलले नाही. ती पहाटही ठेवा तुमच्याकडे. तेवढं कुलूप मात्र कुलूप राहू द्या."

आवाज चढला नव्हता.

सरांनी कोरा कागद ओढला, टीप चुकीची असल्याच्या दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. बाईंनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"छापलेलं खरं धरतात, सर. हाताने लिहिलेल्याला कोण विचारतो?"

तास झाल्याची घंटा वाजली. सर त्यांना थांबायला सांगून जवळजवळ धावतच वर्गात गेले. हजेरीही न घेता त्यांनी मुलांना पान चौऱ्याऐंशी काढायला लावलं. तिसऱ्या ओळीची टीप खोडा, म्हणाले. ते कुलूप लोखंडी होतं. बाहेरून लावलेलं होतं. त्याचा दुसरा काही अर्थ नाही.

पेनं निघाली, आणि कागदावर टेकायच्या आधीच थांबली. सगळी मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पहिल्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. तिला ती टीप तोंडपाठ होती.

"सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

सर खडू हातात धरून उभे राहिले. व्हरांड्यातल्या खिडकीशी बाई आल्या होत्या. त्याही उत्तराची वाट पाहत होत्या.