दोरीबाहेरचं फूल

करवतवाल्यानं सगळ्यांत मोठ्या झाडाला पाठ टेकून बुटाची नाडी आवळली आणि सुरुवात कुठून करायची ते विचारलं. सासऱ्यांनी दाखवायला काठी उचलली, ती हवेतच राहिली. करवतवाल्याच्या टाचेपासून वीतभरावर, कुजक्या पानांच्या ढिगातून एक पांढरं फूल वर आलं होतं.

घरामागची ही झाडं काढून तिथं गाडीसाठी शेड घालायची, हा सासऱ्यांचा जुना बेत. सुनेचा जीव झाडांत. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं झाडांखाली एका रानफुलाचं बी पेरलं, भोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि घरात समजावून सांगितलं, की हे वर्षानुवर्षं नुसतं पान दाखवतं. थंडी सरल्यावर झाडांना पालवी फुटेपर्यंत जमिनीवर ऊन येतं, तेवढ्यात याला सगळं उरकावं लागतं. सासरे म्हणाले, आमच्या खात्यात अशी माणसं पुष्कळ होती. पुढं दर वसंतात दोरीच्या आत एखादं पान उगवायचं आणि सासरे जेवताना विचारायचे, साहेब रजेवरून आले का?

शेवटी पैज लागली. यंदा दोरीत फूल आलं, तर झाडं राहतील. पालवी फुटू लागली तरी दोरीत फूल नव्हतं. आज सकाळपासून सून भांडी जरा जास्तच जोरात घासत होती.

या फुलाच्या बीला खाऊ चिकटलेला असतो, त्याच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, हेही तिनं सांगितलं होतं. सासरे तेव्हा मुंग्यांची पावडर टाकण्यात गुंतले होते. आणि हा पानांचा ढीग तर त्यांचाच. अंगण झाडून सगळा पाचोळा ते वर्षानुवर्षं याच बुंध्याशी लोटत आले होते.

फूल अजून दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. करवतवाला अर्धं पाऊल मागं सरकला, की प्रश्न मिटला. शिवाय नियमानं सासरे जिंकलेच होते. दोरी म्हणजे दोरी. उभ्या नोकरीत याहून बारीक कारणांवरून त्यांनी माणसं परत पाठवली होती.

"पाय उचला," ते म्हणाले. "मागं नको. पुढं."

करवतवाल्यानं वळून पाहिलं. "फूल आहे होय."

"नुसतं फूल नाही. आमच्या सूनबाईंचं आहे."

"मग शेड?"

"गाडी भिजू दे. तिला कुठं फूल यायचंय."

करवतवाला गेल्यावर सासऱ्यांनी गुडघ्यांना दटावत खुंट्या उपटल्या, मोठ्या झाडाभोवती ठोकल्या, दोरी ताणून बांधली आणि मग हाक मारली, "सूनबाई, दोरीत नीट बघितलं होतंस का?"

ती साबणाच्या हातांनीच आली. फुलाकडे बघत उभी राहिली. मग खुंट्यांकडे बघून म्हणाली, "बाबा, दोरी इथं होती?"

"पहिल्यापासून."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. ती कुणी केली ते सांगायला नको. शेजारी आले तेव्हा फुलानं पाकळ्या मिटून घेतल्या होत्या. फुलाजवळ खुर्ची टाकून बसलेले सासरे म्हणाले, "आता बंद झालं. उद्या सकाळी या."

हे वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलं होतं. ते म्हणून लोकांना फाटकापर्यंत पोचवायला मात्र ते आजच पहिल्यांदा उठले.

"खाली बघून चाला," त्यांनी वाटेत बजावलं. "मुंग्या आमच्या आहेत."